कारखाना बंद होता, मग अहवालात लिहू काय?

प्रश्न : मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्यात १२ आठवड्यांची इंटर्नशिप आमच्या तालुक्यातल्या सहकारी साखर कारखान्यात केली. पण मी जायच्या आधीच हंगाम संपला होता. एक दिवसही गाळप बघायला मिळालं नाही. पंप खोलायचे, धुवायचे, परत जोडायचे आणि मिलच्या फिटरच्या हाताखाली पडेल ते काम करायचं, यातच सगळे दिवस गेले. आता अहवाल द्यायचा आहे. वरच्या वर्गातली मुलं म्हणतात, कारखान्याचा इतिहास आणि साखर कशी तयार होते ते नेटवरून उचल, फोटो लाव, चाळीस पानं सहज भरतात. मला ते पटत नाही. पण माझ्याकडे लिहिण्यासारखं आहे तरी काय? आणि हे अहवाल खरंच कोणी वाचतं का?
— एक विद्यार्थी, सातारा जिल्हा

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. अहवाल वाचला जातो, पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत क्रमाने नाही. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक तो मधूनच कुठेतरी उघडतात. एखादा आकडा, एखादा फोटो, एखादं रेखाचित्र दिसलं की तिथे बोट ठेवून विचारतात, हे काय आहे? हे माप कशाने घेतलं? हा भाग का बदलला? ज्याने काम केलंय त्याला हा प्रश्न हवाच असतो. ज्याने पानं उचललीत त्याची तिथेच गाडी अडते. नेटवरून घेतलेला मजकूर परीक्षकांनी त्याच दिवशी आणखी चार अहवालांत वाचलेला असतो, तोही त्याच शब्दांत.

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे येऊ. कारखाना बंद होता हे तुम्हाला नुकसान वाटतं. मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला याहून चांगली संधी मिळणं कठीण आहे असं मी ठामपणे म्हणेन. गव्हाणीत मोळी पडली की पुढचे चार-पाच महिने कारखाना रात्रंदिवस चालतो. तेव्हा मिल हाउसमध्ये वाफ, आवाज आणि धावपळ असते. शिकाऊ मुलाला सुरक्षित अंतरावर उभं करतात आणि त्याला दिसतात ती झाकणं, पाइप आणि फिरणारे शाफ्ट. आत काय चाललंय ते दिसत नाही. ऑफ सीझनमध्ये तीच यंत्रं उघडी पडलेली असतात. रोलर बाहेर काढलेले, बेअरिंग हातात घेता येतात, पंपाचा इंपेलर टेबलावर. झीज कुठे झाली, किती झाली, कशामुळे झाली, हे डोळ्यांनी दिसण्याचा काळ हाच.

आणि कारखान्याच्या दृष्टीनेही हे काम दुय्यम नाही. मे महिन्यात एक पंप दोन दिवस उघडा राहिला तर काही बिघडत नाही. तोच पंप जानेवारीत बंद पडला आणि जोडीला दुसरा तयार नसला, तर गाळप थांबतं, यार्डात बैलगाड्या आणि ट्रॅक्टर उभे राहतात, तोडलेला ऊस वाळत पडतो. ऊस तुटल्यापासून जितका वेळ जाईल तितकी त्यातली साखर कमी होत जाते आणि उताऱ्याला फटका बसतो. म्हणजे तुम्ही ज्या कामावर होतात त्यावर पुढचा अख्खा हंगाम उभा असतो. अहवालाच्या पहिल्याच पानावर हे लिहा. तुमच्या कामाची गरज वाचणाऱ्याला कळते आणि तुम्ही का लिहिताय तेही कळतं.

कारखान्याचा इतिहास चार-पाच ओळींत आटपा. स्थापना कधी, रोजची गाळप क्षमता किती टन, सहवीजनिर्मिती किंवा डिस्टिलरी आहे का, एवढं पुरे. महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरानगरला उभा राहिला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचं त्यात काय योगदान, हा मोठा आणि अभिमानाचा विषय आहे. पण तो तुमच्या इंटर्नशिपचा विषय नाही. साखरेच्या प्रक्रियेला अर्धं पान आणि हाताने काढलेली एक आकृती द्या. गव्हाण, मिल, रस शुद्धीकरण, बाष्पीभवन, पॅन, सेंट्रिफ्युगल, असा क्रम दाखवा आणि तुम्ही ज्या यंत्रांवर काम केलं तिथे खूण करा. खाली स्वच्छ लिहा, ‘माझ्या कालावधीत कारखाना बंद होता, त्यामुळे ही प्रक्रिया चालू स्थितीत मी पाहिलेली नाही.’ या वाक्याने तुमचे गुण जाणार नाहीत. उलट पुढच्या प्रत्येक वाक्यावर परीक्षकांचा विश्वास बसेल.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट आता सांगतो. चांगल्या अहवालात तीन प्रकारची वाक्यं असतात : मी स्वतः पाहिलं किंवा मोजलं ते, मला कोणीतरी सांगितलं ते, आणि मी कुठेतरी वाचलं ते. तिन्हींना जागा आहे. पण वाचताना कोणतं वाक्य कोणत्या प्रकारातलं हे ताबडतोब कळलं पाहिजे. विद्यार्थ्यांचे बहुतेक अहवाल फसतात ते इथे. फिटरने सांगितलेलं, पुस्तकातलं आणि स्वतः पाहिलेलं सगळं एकाच सुरात येतं आणि मग कशावरच भरवसा ठेवता येत नाही.

एक पंपच घेऊन बघू. बऱ्याच अहवालांत असा मजकूर असतो : ‘सदर कालावधीत विविध पंपांची देखभाल व दुरुस्ती करण्यात आली. त्यामुळे पंपाच्या कार्यपद्धतीविषयी सखोल माहिती मिळाली व ज्ञानात मोलाची भर पडली.’ यात खोटं काही नाही, पण माहितीही काही नाही. कोणता पंप, काय बिघडलं होतं, दुरुस्ती कोणी केली, काहीच कळत नाही. आता हेच काम असं लिहिलेलं पाहा. आकडे मी नमुन्यादाखल घेतले आहेत, तुम्ही तुमचे घाला :

‘मिश्र रसाचा एक पंप फिटरसोबत खोलला. शाफ्ट स्लीव्हचा बाहेरचा व्यास मी ०.०२ मिमी लीस्ट काउंटच्या व्हर्नियरने तीन ठिकाणी मोजला. दोन्ही टोकांना तो ६४.९६ व ६४.९४ मिमी होता. मधल्या भागात, जिथे ग्लँड पॅकिंग बसते तिथे, ६३.७० मिमी होता. नवीन स्लीव्हचा व्यास ६५.०० मिमी आहे. म्हणजे पॅकिंगखाली व्यास १.३० मिमीने कमी झाला होता. हंगामाच्या शेवटी या पंपाच्या ग्लँडमधून रस गळत होता व ग्लँड वारंवार आवळावा लागत होता, असे फिटरने सांगितले. स्लीव्ह बदलली. पॅकिंगच्या नवीन रिंगा बसवताना प्रत्येक रिंगेचा जोड आधीच्या जोडापासून ९० अंशांवर ठेवला.’

यात एकही अवघड शब्द नाही. मोजलं कोणी, कशाने, कुठे, हे आहे. सांगितलेली गोष्ट सांगितलेली म्हणूनच आली आहे. यापुढे एक परिच्छेद तुमच्या विचाराचा लिहा, आणि तिथे पुस्तक उघडा. झीज मधेच का झाली? रसात बारीक भुसा आणि माती असते, रस थोडा आम्लधर्मी असतो. गळती दिसली की ग्लँड जास्त आवळला जातो. पॅकिंगमधून थोडे थेंब पडत राहिले पाहिजेत, त्यानेच ते थंड राहतं. फार आवळलं की ते कोरडं पडतं, तापतं आणि स्लीव्हला खाचा पाडतं. मग गळती आणखी वाढते आणि आणखी आवळणं येतं. तुमचं माप आणि फिटरचं म्हणणं या स्पष्टीकरणाशी जुळतं का ते लिहा. जुळतं म्हणजे सिद्ध झालं असं नाही, म्हणून ‘यावरून असे दिसते की’ एवढंच म्हणा. अभियंता असाच विचार करतो, आणि अहवालातून कॉलेजला तुमच्यात हेच बघायचं असतं.

रोलरच्या बाबतीतही तसंच. ‘मिल रोलरचे रीग्रूव्हिंग पाहिले’ अशी एक ओळ लिहून पुढे जाऊ नका. त्या ओळीत बरंच दडलंय. खाचा झिजल्या म्हणजे काय झालं होतं, टेम्पलेट लावून ते तपासलं का? लेथवर पुन्हा खाचा पाडल्या की रोलरचा व्यास कमी होतो, मग रोलरमधलं अंतर, म्हणजे मिल सेटिंग, बदलावं लागतं. ते कोणी काढलं, कसं काढलं? माहीत नसेल तर अजून वेळ आहे, चीफ इंजिनिअर साहेबांना जाऊन विचारा. या दिवसांत त्यांच्याकडे तुमच्यासाठी अर्धा तास असतो, हंगामात नसेल.

क्रमाबद्दल एक सांगतो, कारण इथे जवळपास सगळेच चुकतात. रोजची डायरी तारखेप्रमाणे असते, अहवाल तसा नसावा. ‘पहिला आठवडा, दुसरा आठवडा’ असं लिहीत गेलात तर एकाच पंपाची गोष्ट चार ठिकाणी तुटते, स्लीव्ह एकीकडे आणि कपलिंगचं अलाइनमेंट दुसरीकडे. कामं वेगळी करा. दोन किंवा तीन कामं निवडा, ज्यात तुमचा हात जास्त होता, ती पूर्ण खोलात लिहा. बाकीची एका तक्त्यात घाला : यंत्र, काय केलं, तुमचा सहभाग. सहभागाच्या रकान्यात ‘स्वतः केले’, ‘मदत केली’, ‘पाहिले’ यांपैकी एकच शब्द. ‘करण्यात आले’ हा प्रयोग शक्य तिथे टाळा, कारण त्यात करणारा नाहीसा होतो आणि परीक्षकांना नेमका तोच शोधायचा असतो.

डायरी नीट ठेवली नसेल तर स्मरणावर आकडे लिहू नका. एक दिवस कारखान्यात परत जा. मेंटेनन्सच्या नोंदवहीत काम कधी झालं ते सापडेल. स्टोअरचे इंडेंट पाहू दिले तर कोणत्या दिवशी किती बेअरिंग, किती पॅकिंग काढलं तेही कळेल. काढलेली जुनी स्लीव्ह अजून भंगारात पडलेली असेल तर तिचं माप आजही घेता येईल. फोटो काढताना झिजलेल्या भागाशेजारी १५ सेंटीमीटरची स्टीलची पट्टी ठेवा. तिच्याशिवाय फोटोतली खाच नखाएवढी आहे की बोटाएवढी, हे समजत नाही. आणि फोटो परवानगी घेऊनच काढा. कोणाचा चेहरा नको, दरपत्रक नको, पुरवठादाराचं बिल तर नकोच.

शिफारशी लिहाव्यात का? जरूर, पण जेवढं पाहिलं तेवढ्यापुरत्या. संपूर्ण कारखान्याचं ऑटोमेशन करा असं बारा आठवडे पंपांवर काम केलेल्या मुलाने लिहिलं तर त्याला आधार काय? ‘दर ऑफ सीझनला प्रत्येक रस पंपाच्या स्लीव्हचं माप नोंदवून ठेवावं, म्हणजे कोणती स्लीव्ह हंगाम काढेल याचा अंदाज येईल,’ ही शिफारस छोटी आहे, पण उद्यापासून अमलात येऊ शकते. तिला पैसे लागत नाहीत, एक वही लागते.

सारांश सगळ्यात शेवटी लिहा आणि सगळ्यात आधी लावा. अर्ध्या पानात कुठे, किती दिवस, कोणती मुख्य कामं, काय आढळलं, काय सुचवलं. घाईत असलेल्या माणसाने तेवढंच वाचलं तरी त्याला तुमचं काम कळलं पाहिजे. चाळीस पानांचा हट्ट कोणी धरला असेल तर एकदा मार्गदर्शकांशी बोला. तुमच्या मजकुराला अठरा पानं लागत असतील तर तीच खरी लांबी.

प्रश्न : मी एका छोट्या वर्कशॉपमध्ये होते. तिथल्या ड्रिलिंग मशीनच्या बेल्टवर गार्ड नव्हता. चौकशी केली तर काम पटकन व्हावं म्हणून काढून ठेवलाय असं समजलं. मालकांनी मला चांगलं शिकवलं, त्यांना अडचणीत आणायचं नाही. अहवालात हे लिहू का?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : लिहा, पण त्याआधी मालकांशी बोला. लेखी नको, समोरासमोर. ‘सर, गार्ड परत बसवायचा का, मी मदत करते,’ असं म्हणून बघा. पुष्कळदा तेवढ्याने काम होतं, आणि मग अहवालात तुम्हाला दोन्ही गोष्टी लिहिता येतात : गार्ड नव्हता, आणि अमुक तारखेला तो बसवला.

नाही बसवला तर जे दिसलं तेवढंच लिहा. कोणत्या मशीनवर कोणता भाग उघडा होता आणि त्याच्या किती जवळ माणूस उभा राहतो. ‘निष्काळजीपणा’, ‘दुर्लक्ष’ असे शब्द घालू नका, कारण त्या माणसाच्या मनात काय होतं ते तुम्हाला दिसलेलं नाही. कामगाराचं नाव घेऊ नका. वर्कशॉपचं नाव पहिल्या पानावर असणारच, म्हणून वाक्य जास्तच नेमकं हवं. आणि पुढच्या ओळीत उपाय द्या : काम करताना सहज उघडता येईल असा बिजागरीचा गार्ड लावला तर तो काढून ठेवायची गरज पडत नाही. पूर्ण काढावा लागणारा गार्ड काढलेलाच राहतो, हे अनेक वर्कशॉपमध्ये दिसतं, आणि त्यामागचं कारण माणसाच्या स्वभावाइतकंच गार्डच्या रचनेतही असतं. मालकांना यात आपली तक्रार दिसणार नाही, त्यांच्या उपयोगाची सूचना दिसेल.

चांगलं शिकवलं म्हणून गप्प राहायचं, हे मला मान्य नाही. ओढणी किंवा बाही बेल्टमध्ये जायला क्षणही लागत नाही. तुमच्यानंतर तिथे दुसरी मुलगी शिकायला येणार आहे.

प्रश्न : मी कृषिकन्या म्हणून गावात राहून आले. पिकांची आकडेवारी घेतली, पण प्रत्येक शेतकरी वेगळ्या मापात सांगतो. कोणी एकरी पोती, कोणी गुंठ्याला किलो, तर कोणी ‘यंदा बरं झालं’ एवढंच. अहवालात एकसारखं कसं करू?
— एक विद्यार्थिनी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : दोन रकाने करा. पहिल्यात शेतकऱ्याने सांगितलं तसंच, त्याच्या मापात. दुसऱ्यात तुम्ही काढलेला आकडा, क्विंटल प्रति हेक्टर. ४० गुंठ्यांचा एकर आणि साधारण २.४७ एकरांचा हेक्टर हे तुम्हाला माहीत आहेच. अडचण पोत्याची असते. सोयाबीनचं पोतं आणि कांद्याची गोणी सारख्या वजनाची नसते, म्हणून ‘पोतं किती किलोचं?’ हे त्याच घरी, त्याच वेळी विचारायला हवं. विचारायचं राहिलं असेल तर फोन करा. अंदाजाने ५० किलो धरून गुणाकार करू नका. चुकीचा आकडा तक्त्यात गेला की तो बरोबर आकड्याइतकाच खरा दिसतो.

‘यंदा बरं झालं’ हे वाक्य फेकून देऊ नका. पहिल्या रकान्यात तसंच लिहा आणि दुसरा रिकामा ठेवा.

प्रश्न : अहवाल इंग्रजीत द्यायचा आहे. माझं इंग्रजी कच्चं आहे. एआयकडून लिहून घेतला तर चालेल का?

उत्तर : आधी तुमच्या कॉलेजचा नियम काय आहे ते मार्गदर्शकांना विचारा आणि तो पाळा. परवानगी असेल तरी पहिला मसुदा तुम्हीच लिहा, हवा तर मराठीत. काम कसं झालं ते घरी आईला किंवा मित्राला सांगता तसं कागदावर उतरवा. मग छोटी छोटी इंग्रजी वाक्यं करा, एका वाक्यात एकच गोष्ट. व्याकरण तपासायला मदत घेणं वेगळं आणि मजकूर तयार करून घेणं वेगळं. एआय तुमच्यासोबत कामावर नव्हतं. विचारलंत तर ते पंपाबद्दल सफाईदार दोन पानं देईल, पण तुमच्या पंपाची स्लीव्ह किती झिजली होती ते त्याला कुठून कळणार? कधी कधी तर ते आकडाही घालून देतं, आणि तो कुठून आला हे तोंडी परीक्षेत तुम्हाला सांगता येत नाही.

प्रश्न : अहवालाची प्रत कारखान्याला द्यावी लागते का? आणि आभाराच्या पानावर कोणाकोणाची नावं घालू?

उत्तर : कॉलेजने सांगितलं नसलं तरी द्या, आणि सादर करण्याआधी द्या. ज्यांच्या हाताखाली काम केलं त्या फिटरला आणि इंजिनिअरना मसुदा दाखवा. एखाद्या भागाचं नाव चुकलं असेल, आकडा उलटा पडला असेल, तर ते लगेच सांगतील. बाहेर जाऊ नये अशी काही माहिती त्यात आली असेल तर तेही तेव्हाच कळेल. तोंडावर कौतुक झालं तरी प्रत्येक मापावर ‘हे बरोबर आहे ना?’ असं बोट ठेवून विचारा.

आभारात प्राचार्य आणि विभागप्रमुखांची नावं असतातच. ज्या फिटरने आणि हेल्परने तुम्हाला पाना हातात दिला त्यांचीही घाला, त्यांना विचारून आणि पूर्ण नाव नीट लिहून. मसुदा दाखवायला बॉयलर अग्निप्रदीपनाच्या बऱ्याच आधी जा. एकदा त्याची तयारी सुरू झाली की तुमची पानं वाचायला तिथे कोणालाही सवड मिळणार नाही.